गज म्हणजे दीड हात की वार? जुन्या वाटपपत्रातले गज-तसू मीटरमध्ये कसे लिहावेत?

कृष्णाथडी:
मंडळी, घरातल्या एका मोडी कागदाचं देवनागरी लिप्यंतर नुकतंच करून घेतलं. वाईच्या घराचं वाटपपत्र आहे, शके १७६५ चं. त्यात माजघराची लांबी ‘गज ११ तसू ७’ दिली आहे (तसू म्हणजे गजाचा किंवा हाताचा लहान भाग), बोळाची रुंदी ‘हात ३’ आणि मागच्या पडवीची लांबी ‘हात ९ तसू १५’. चुलतभावाला याचं आजच्या मराठीत, मीटरसकट टिपण हवं आहे. त्याने गज म्हणजे वार (३६ इंच) धरून माजघर १०.३३ मीटर काढलं. मी मात्र आजीकडून ‘गज म्हणजे दीड हात’ असंच ऐकत आले आहे. हात दीड फुटाचा धरला तर तेच माजघर ७.७४ मीटर भरतं. अडीच मीटरांचा फरक म्हणजे जवळजवळ आणखी एक खोली. तो म्हणतो, आजीचा गज तिच्यापुरता. जुनी घरं, जुने कागद पाहिलेल्यांनी कृपया सांगा, तुमच्याकडे गज केवढा होता? आणि असं टिपण लिहिताना मूळ शब्द ठेवायचा की थेट मीटरच लिहायचे?

साखळी_आणे:
ताई, तुमच्या आजी बरोबर सांगत होत्या. मुंबई इलाख्याच्या जुन्या कोष्टकात १६ तसूंचा हात आणि २४ तसूंचा गज. हात १८ इंचांचा, म्हणून गज २७ इंचांचा, म्हणजे बरोबर दीड हात. तसू निघतो एक इंच एक सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ३६ इंचांचा गज बंगालकडचा. मद्रासकडे तोच ३३ इंचांचा होता. इंग्रजांनी तिन्हीकडे गज हाच शब्द चालवला, लांबी मात्र तीन तऱ्हेची राहिली. तुमच्या भावाने हिंदीतला गज मराठी कागदाला लावला आहे. हिंदी भागात आजही प्लॉट ‘शंभर गज’ असा सांगतात, तो चौरस वार असतो. आपल्याकडे ३६ इंचाला वार हा वेगळा शब्द असताना गजाला तिकडे ओढायचं कारण नाही.

नोकरीभर जमीन मोजली आहे, म्हणून एक सुचवतो. कागदात गजापुढे सर्वांत मोठा तसू कितीचा आला आहे ते पाहा. २३ च्या पुढे कुठेच जात नसेल तर २४ तसूंचा गज पक्का समजा.

कृष्णाथडी:
गजापुढे सर्वांत मोठा आकडा तसू १९ आहे. हातापुढे १५.

मोडीवाचक:
साखळी_आणे यांचं कोष्टक बरोबर आहे, पण या कागदाला ते लावता येईल का, याची मला शंका आहे. शके १७६५ म्हणजे इसवी सन १८४३. वाई तेव्हा सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होती. ते राज्य खालसा झालं १८४८ मध्ये. म्हणजे कागद लिहिणारा कारकून मुंबईच्या कोष्टकाला बांधलेला नव्हता.

आता जुना पुरावा पाहू. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तिच्यात शिवकाळातल्या मोजणीची काठी दिली आहे. ती पाच हात आणि पाच मुठींची, एकूण ८० तसू लांब. हात त्यात १४ तसूंचा सांगितला आहे. पाच हातांचे ७० झाले, उरले १०, म्हणजे मूठ दोन तसूंची. हिशेब चोख जुळतो. पण मुंबईच्या कोष्टकात हात १६ तसूंचा! दोन्हीकडे तसू एकच असता तर शिवकाळचा हात पावणेसोळा इंच भरला असता. जाणत्या माणसाचा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात इतका आखूड नसतो. म्हणून तसूच वेगळा होता असं मानावं लागतं. मुंबईच्या जमीन-कोष्टकात काठी ९.४ फुटांची येते. तिला ८० ने भागलं तर तसू १.४१ इंचांचा पडतो आणि १४ तसूंचा हात पावणेवीस इंचांच्या आसपास जातो. हे मनाला पटतं. पण अशाने २४ तसूंचा गज जवळजवळ ३४ इंच होतो, दीड हातांपेक्षा पुष्कळ मोठा!

साखळी_आणे:
काठी शेताची, गज घराचा. शेत मोजणारा आणि भिंत बांधणारा यांचे तसू एकच असतील असं धरता येत नाही. आणि ताईंनी दिलेला आकडा पाहा: ‘हात ९ तसू १५’. हात १४ तसूंचा असता तर कारकुनाने ‘हात १० तसू १’ लिहिलं असतं. म्हणजे या कागदातला हात निदान १६ तसूंचा तरी आहेच. सभासदाची काठी इथे लागूच होत नाही.

मोडीवाचक:
हा मुद्दा अगदी मान्य. हाताचे निदान १६ तसू सिद्ध झाले. गजाचे २४ मात्र अजून सिद्ध नाहीत. गज दोन हातांचा असेल तर तो ३२ तसूंचा होईल, आणि तसू १९ हा आकडा त्यातही बसतो.

शुद्धलेखणी:
मूळ प्रश्न मराठीत काय लिहायचं हा आहे, म्हणून थोडं स्पष्ट बोलते. गज हा फारसी शब्द. आपल्या संस्कृतात गज म्हणजे हत्ती. हात, वीत, अंगुळ, कोस हे सगळे शब्द आपले असताना टिपणात गज कशासाठी ठेवायचा? वीत थेट वितस्तीपासून आली, १२ अंगुळांची. हात हा हस्त, २४ अंगुळांचा. संस्कृतात तर अंगठ्यापासून तर्जनीपर्यंत प्रादेश, मध्यमेपर्यंत ताल, अनामिकेपर्यंत गोकर्ण आणि करंगळीपर्यंत वितस्ती अशी चार वेगळी नावं होती. इतकी बारीक व्यवस्था असलेल्या भाषेला उसना गज लागत नाही. कागदातला गज हातात बदलून ‘सुमारे १७ हात’ लिहा आणि पुढे मीटर द्या.

मोडीवाचक:
शुद्धलेखणी, मूळ कागदातला शब्द बदलणं मला मान्य होणार नाही. वाटपपत्रात गज लिहिलं आहे, तर टिपणातही गजच यायला हवा. शिवाय ‘१७ हात’ लिहिलं की गज दीड हाताचा हे आपण ठरवूनच टाकलं, आणि वाद तर त्यावरच चालू आहे. फारसीचं म्हणाल तर तसूही तिकडचाच. फारसीत तसू म्हणजे चोविसावा हिस्सा. वजनात, मापात, दोन्हीकडे. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या शिवाजी महाराजांच्या राज्यातली काठीसुद्धा बखरकार तसूंत सांगतो. चारशे वर्षं वापरलेल्या शब्दाला बाहेर काढायला आपण कोण?

शुद्धलेखणी:
बखरकाराला सोपं गेलं म्हणून आपणही तेच करायचं, हे मला पटत नाही. राज्यव्यवहारकोश झाला तोच मुळी असे शब्द बदलण्यासाठी. अर्धवट राहिलेलं काम पुढे न्यावं असं मी मानते, आणि ते काम आपलंच आहे.

रंधा:
नमस्कार. मी कोल्हापूरकडचा, बांधकामाची आणि सुतारकामाची कामं घेतो. इथे गजाचा वाद चालला आहे, पण आमच्याकडे तसूपेक्षा बारीक माप अजून जिवंत आहे. इंचाचे आठ सूत. सळई आणताना आठ एमएमला अडीच सूत म्हणतो, दहाला तीन सूत, बाराला चार सूत, सोळाला पाच सूत. हिशेब घातलात तर बारा एमएम पावणेचार सूतच भरते, तरी ती चारसुतीच. प्लाय एकोणीस एमएमचा, त्याला पाऊण इंची. टेपवर दोन्ही बाजू छापलेल्या असतात, पण गवंडी इंचाचीच बाजू वाचतो. ‘दोन सूत मार’ म्हटलं की कारागिराचा हात बरोबर तेवढाच जातो. सहा एमएम म्हटलं तर तो एकदा टेपकडे बघतो.

वाळू, खडी, मुरूम अजून ब्रासनेच. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. कागदावर घनमीटर लिहितात आणि पैसे ब्रासने देतात. म्हणून शब्द कुठून आला यापेक्षा तो अजून कामाला येतो का, हे मी बघतो.

गजाबद्दल एक. आमच्यात खिडकीच्या लोखंडी सळईलाही गज म्हणतात. मापाची लोखंडी पट्टी होती, तिच्यावरून सळईला नाव पडलं असणार.

मोडीवाचक:
रंधा, तुमची व्युत्पत्ती मनाला पटते. फारसीत गज म्हणजे माप, तसाच बंदुकीत दारू ठासायचा दांडाही. माप आणि मोजायची काठी यांना एकच नाव असणं आपल्याकडेही आहे. काठी हे त्याचंच उदाहरण, साखळीही.

साखळी_आणे:
साखळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजी गंटर साखळी ६६ फुटांची, तिच्या बरोबर निम्मी ही. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नवी मोजणी सुरू केली, पुढे तीच पद्धत इलाखाभर पसरली आणि काठी, पांड, बिघा मागे पडले. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर हे मी कामात कधी वापरलं नाही, जुन्या उताऱ्यांत तेवढं वाचलं.

आता सातबारावर हेक्टर-आर येतं. लोक सर्रास ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ म्हणतात. आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. एका गुंठ्यात हे जाणवत नाही, पण एकरभर जमिनीत ४७ चौरस मीटर इकडचे तिकडे होतात. एवढ्या जागेवरून बांधाला बांध लागून असलेले भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून सांगतो, भाषांतरात ढिलाई नको.

आजोळ:
मापं लोकांच्या बोलण्यात कशी टिकतात बघा. १९६२ पासून कापड मीटरने विकायचा कायदा आहे, तरी लुगडं नऊवारीच राहिलं. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. दुकानात सव्वाआठ मीटर मोजून देतात, पण कुणी सव्वाआठमीटरी म्हणत नाही. माझ्या पणजीच्या तोंडी ‘अठरा हाती’ असायचं. अठरा हात म्हणजे नऊ वार, कारण वार दोन हातांचा. तिच्या हिशेबात वार आणि गज वेगळे होते की एकच, हे विचारायला आता कोणी नाही. पण कापडाला ती गज कधी म्हणायची नाही, घरालाच म्हणायची. आणि घरही बहुतेक खणांत सांगायची: पाच खणी ओटी, तीन खणी माडी. दोन खांबांमधलं अंतर एक खण. कृष्णाथडी, तुमच्या कागदात खण नाहीत का? वाईच्या घरांत असायला हवेत.

कृष्णाथडी:
आहेत! ‘माजघर खण ५’ असं एका ठिकाणी आहे. पण खण केवढा धरायचा?

आजोळ:
तो लाकडावर असे. तुळई जेवढी मिळेल तेवढा.

साखळी_आणे:
पण यातून ताळा मिळतो. पाच खणांचं माजघर ७.७४ मीटर धरलं तर खण दीड मीटरचा, पाच फुटांचा पडतो. १०.३३ धरलं तर दोन मीटरच्या पुढे. जुन्या वाड्यांत पाच फुटांचा खण मी पुष्कळ पाहिला आहे. पुन्हा दीड हातच.

मोडीवाचक:
सात फुटांचे खणही आहेत. वाड्याच्या दर्शनी भागात मोठे, मागे लहान. माजघर कुठे आहे त्यावर ते अवलंबून. खांबांची तळखडी, म्हणजे खांबाखालचे दगड, जागेवर असेल तर मोजून पाहा, त्यापुढे कोष्टकाची गरज नाही.

पेडणेकार:
वार शब्दावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या गोव्यात पोर्तुगीजांचं व्हारा हे माप होतं, पाच पाल्मांचं (पाल्म म्हणजे वीत), मीटरभरापेक्षा थोडं जास्त, १.१० मीटर. माझ्या मते मराठी वार तिथूनच आला. वसईपासून चौलपर्यंत त्यांची ठाणी होती, कापडाचा व्यापार होता, वसई तर १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. तेव्हा शुद्धलेखणी ज्या वाराला आपला समजून पुढे करतील तोही परकाच निघेल.

शुद्धलेखणी:
मी वार सुचवलाच नव्हता, हात सुचवला होता. पण तुमची व्युत्पत्ती मला मान्य नाही. १.१० मीटरचं माप ०.९१ मीटरचं कसं होईल? नाव घेतलं असतं तर लांबीही आली असती.

पेडणेकार:
लांबी कुठे येते? याच चर्चेत गज २७, ३३ आणि ३६ इंचांचा झाला. अकबराचा इलाही गजही ३३ इंचांच्या आसपास होता असं म्हणतात. नाव राहतं, लांबी बाजारपेठेप्रमाणे बदलते. इंग्रजी यार्ड आल्यावर जुन्या वाराला ३६ इंचांत बसवलं असणार.

शुद्धलेखणी:
‘असणार’ यावर व्युत्पत्ती ठरत नाही. गुजरातीतही वार आहे. तो व्यापारी मार्गाने उत्तरेकडून आला नसेल कशावरून?

पेडणेकार:
दीव आणि दमण कुणाकडे होतं ते पाहा, म्हणजे गुजरातीचाही खुलासा होईल.

रंधा:
मला यातलं फार कळत नाही, पण कृष्णाथडी ताईंना कामाचं सांगतो. टिपणात १०.३३ किंवा ७.७४ असं दोन दशांशांपर्यंत लिहू नका. तुमच्या कागदातलं माप तसूपर्यंतचं आहे आणि मोजणाऱ्याने हाताने नाहीतर काठीने मोजलेलं आहे. भिंतीला गिलावा धरला की नाही, हेही माहीत नाही. ‘सुमारे पावणेआठ मीटर’ लिहिलं की खरेपणा राहतो. सेंटिमीटर लिहिलात तर उद्या कोणीतरी त्यावर भांडेल.

कृष्णाथडी:
हे पटलं. मग असं लिहू का: ‘गज ११ तसू ७ (गज दीड हाताचा धरल्यास सुमारे पावणेआठ मीटर)’? भावाला ‘धरल्यास’ नको आहे. तो म्हणतो, टिपणात एकच आकडा हवा.

मोडीवाचक:
‘धरल्यास’ ठेवाच. दर बारा कोसांवर भाषा बदलते तसे हात आणि गजही बदलत होते. ‘धरल्यास’ गाळलं तर पुढच्या पिढीला आपण अंदाज केला होता हे कळणार नाही, आणि आपलाच आकडा मूळ कागदातला म्हणून फिरेल.

शुद्धलेखणी:
‘धरल्यास’ला माझा विरोध नाही. पण निदान कंसात तरी ‘सुमारे १७ हात’ लिहा.

दर्याकिनारी:
उशिरा आलो. हात, वीत, गज सगळं झालं, पण वाव कोणीच काढला नाही! आम्ही अलिबागकडचे. समुद्राची खोली अजून वावांत सांगतात. दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक वाव, साधारण चार हात, सहा फूट. दोरी ओढताना ती दोन्ही हातांत पसरून मोजली जाते, म्हणून ते माप सोयीचं. जीपीएस आणि खोली दाखवणारं यंत्र आलं, आकडे मीटरमध्ये दिसतात, पण जाळं किती सोडायचं ते सांगताना तांडेल वावच म्हणतो. ‘बोलायला वाव नाही’ मधला वावही हाच, असं माझं मत आहे. हात पसरायला जागा नाही, म्हणून वाव नाही.

मोडीवाचक:
मापाचा वाव संस्कृत व्याम शब्दावरून आला, यात वाद नसावा. पण संधी या अर्थाचा वाव तोच, हे मला जरा ओढून आणल्यासारखं वाटतं. अवकाशाशी संबंध लावणं जास्त सरळ पडेल.

दर्याकिनारी:
अवकाशातला ‘काश’ कुठे गेला मग? शब्द बोलणाऱ्यांच्या अंगावरून येतात. बोट, चिमूट, मूठ, वीत, हात, वाव, परस सगळी मापं अंगाचीच.

आजोळ:
परस म्हणजे विहिरीचा ना? आमच्या गावी ‘उन्हाळ्यात पाणी चार परस खाली जातं’ म्हणायचे. पुरुषावरून परस.

दर्याकिनारी:
हो. हात वर करून उभ्या माणसाएवढा एक परस.

साखळी_आणे:
हात वर करून नाही. आमच्या देशावर परस म्हणजे नुसता उभा पुरुष, डोक्यापर्यंत. विहीर खणणारे गडी मजुरी परसावर घेत, तेव्हा हात वर धरायचा की खाली यावर पैसे अवलंबून असत. मी स्वतः त्यांच्याबरोबर खाली उतरून मोजलं आहे.

दर्याकिनारी:
आमच्याकडे हात वर करूनच. परस वावाएवढा नसेल तर दोर मोजायचा कसा? दोर हातांत पसरूनच सोडतात.

साखळी_आणे:
विहिरीत दोर नाही, काठी लावत. दोराने मोजायचं ते समुद्राचं.